सरांनी उलटा केलेला कलश

रविवार, १८ जानेवारी. मांडवी

चीड अजून जात नाही. चाळीस वर्षं मुलांना तांब्याची भांडी घडवायला शिकवणाऱ्या सरांचा आज संस्थेत सत्कार झाला, आणि भेट काय, तर तांब्याचा मुलामा दिलेला कलश! सरांनी तो व्यासपीठावरच उलटा केला, बुडावरून बोट फिरवलं. अध्यक्ष फिदीफिदी हसले. "काय सर, गळतोय की काय?"

"नाय हो. हातोडीचा ठोका कुठं दिसत नाय, म्हणून बघतोय."

ह्यावरही टाळ्या! मग त्याच माइकवरून अध्यक्षांनी जाहीर केलं की सरांचा वर्ग बंद करून तिथे सभागृह होणार. किती निर्लज्ज असावं माणसानं?

निघताना सर हळूच म्हणाले, "बाय, मानपत्र छान लिहिलंस. वर्ग चालू ठेवा, असं लिही म्हटलं होतं. ते राहिलं वाटतं?"

"राहिलं, सर."

राहिलं नव्हतं. लिहिलं होतं. अध्यक्षांनी फोन करून ते वाक्य गाळायला सांगितलं आणि मी मुकाट गाळलं. मानपत्राखाली माझं नाव यायचं होतं ना!

सरांनी कलश पुन्हा एकदा उलटा करून पाहिला आणि पिशवीत टाकला.

आणि मी मघापासून नावं ठेवतेय ती त्या कलशाला.