विभाग नऊ

ता. १८ फेब्रुवारी, मंगळवार

चि. गुंड्या यास काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दोन महिने लिहीन लिहीन म्हणत राहिलो. डोळ्यांचं कारण सांगणार होतो, पण तू लगेच चष्म्याचा नंबर विचारशील, आणि नंबर काही बदललेला नाही. तब्येत ठीक. खोकला आहे, पण तो जुनाच. दाराची कडी मी आता दोनदाच तपासतो, तीनदा नाही. सूनबाईची पाठ कशी आहे? तिला जड काही उचलू देऊ नकोस. आणि तुमच्या जिन्यातला दिवा बसवला का? मला उगाच त्याची काळजी लागून राहते.

तू लावून दिलेलं इथलं काम नीट चाललंय. तुमची जाहिरात पेपरात येते, लोक कूपन कापून पाठवतात, आम्ही पाकिटं फोडतो. लांब टेबल आहे, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला चष्मेवाल्या बाई. पत्त्यातला विभाग बघायचा आणि ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यात टाकायचं. पहिल्या दिवशी मी तुला विचारलं होतं, ‘अरे, इथे खोल्या दोन, मग विभाग नऊ कुठून आले?’ तेव्हा तू समजावलंस की विभाग वगैरे काही नसतो, प्रत्येक जाहिरातीला वेगळा आकडा दिला की कोणती जाहिरात माणसाला हलवते ते कळतं. मला ते फार पटलं.

ऐकण्याच्या मशीनच्या दोन जाहिराती होत्या. आठ नंबरात डॉक्टरचा फोटो. नऊ नंबरात फोटोच नाही, नुसता मजकूर, असं बाई म्हणाल्या. मी जाहिराती वाचत नाही. अक्षर बारीक, आणि सहावी नापास माणसाला आकडे बघणं सोपं. आठचा गठ्ठा वीतभर राहिला आणि नऊचा टेबलावरून घसरून खाली पडायला लागला. मीच तुला फोन करून म्हटलं, ‘ही नऊ नंबर ज्यानं लिहिली त्याला हातचा जाऊ देऊ नकोस.’ तू हसलास. म्हणालास, ‘नाही जायचा काका, घरचाच माणूस आहे.’

मला वाटलं, तू स्वतःबद्दल बोलतोयस. दोन दिवस छाती फुगवून फिरलो.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई म्हणाल्या, ‘ऐका हो काका, हा नऊ नंबरवाला अगदी तुमच्यासारखा कटकट्या आहे.’ आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. वर ठळक अक्षरात, ‘मी माझ्या बायकोशी तीन वर्षं बोललो नाही.’ खाली, ‘ओरडून ओरडून मी कंटाळलो. मग टेबलावर टकटक करायला लागलो. एक म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण. ती टेबलावर तळवा ठेवून बसायची, माझी टकटक चुकू नये म्हणून.’

बाईंनी चष्मा काढून पुसला. ‘मेला कसला हा नवरा,’ म्हणाल्या. ‘पण लिहितो चांगलं.’

मी ‘हो’ म्हटलं आणि पुढचं पाकीट फोडलं. आतलं कूपनही कापलं गेलं.

गुंड्या, तुझी काकू गेल्यावर महिनाभरानं हेच सगळं मी तुला पत्रात लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं का? दोन वर्षांचा होतास, तेव्हापासून तिनं तुला वाढवलं. तापात तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचास. म्हणून वाटलं, ही गोष्ट सांगायची तर यालाच. तुझ्या दोन ओळी आल्या, ‘काका, वाचून रडलो. पत्र जपून ठेवीन.’ जपून ठेवलंस खरं.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. नाव कुठे टाकलंय, म्हणशील. जाहिरात म्हणजे एका माणसानं एका माणसाशी बोलणं. बनवून लिहिलेलं लोकांना वासावरून कळतं, खरं असेल तरच हात कात्रीकडे जातो. हे सगळं तू शिकवलंस आणि मी मान डोलावली. पण तू मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर कदाचित हो म्हटलं असतं. तुला मी कशाला नाही म्हटलंय?

आणि तू शेवट बदललास. माझ्या पत्रात ती पलंगावर आहे, शेवटचा दिवस, आणि माझे ओठ हललेले तिला दिसतात. ती विचारते, ‘काही म्हणालात का?’ आणि मी हातानंच नाही म्हणतो. जाहिरातीत ती मशीन लावते आणि स्वयंपाकघरातून म्हणते, ‘अहो, हळू बोला. ऐकू येतंय मला.’

ते कात्रण माझ्या खिशात आहे. तुझा राग आला की काढतो आणि शेवटपर्यंत वाचतो. तेवढ्यापुरता राग कुठे जातो कळत नाही. घडी घातली की परत येतो, दुप्पट.

आणखी एक. मी नियम मोडला आहे. नुसता प्रश्न विचारलेला असेल तर उत्तर द्यायचं नाही, छापील पुस्तिका पाठवायची, असं तुमचं आहे. पण एक पाकीट मी घरी आणलं. पत्ता असा, ‘विभाग ९, टकटकवाले काका यांस’. कुणी म्हाताऱ्या बाई आहेत. लिहितात, ‘माझे मालक पाटीवर लिहून माझ्याशी बोलतात. आठ दिवस झाले, पाटीवर तेच वाक्य आहे. तुमच्या मंडळींना विचारून कळवा, मशीन कानात टोचतं का? आणि त्यांना पहिला शब्द कोणता ऐकू आला? त्या घ्या म्हणाल्या तरच मी मागवीन.’

मी कुणाला विचारू?

पाकीट टेबलावर ठेवलंय, काकू तळवा ठेवायची तिथे. चहा त्याच्या शेजारी घेतो.

माझं पत्र परत पाठव. सूनबाईला आशीर्वाद सांग. जिन्यातल्या दिव्याचं बघ.

तुझा,
काका

ता.क. लोक मथळा वाचतात आणि सरळ ता.क.वर उडी मारतात, असं तू म्हणतोस. म्हणून मुख्य ते इथे लिहितो. फोनवर मला हे विचारता येणार नाही. मशीन खरंच चालतं का? चालत नसेल, तर त्या पाटीवाल्या बाईंना मी खरं ते कळवणार, आणि नऊच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाला, हात चालेल तोवर. चालत असेल, तर तुझ्या काकूच्या वेळीही ते दुकानात होतं आणि मी टकटक करत बसलो. यातलं काय ऐकलं तर मला बरं वाटेल, ते मलाच ठरवता येत नाही. खाली तुटक रेघ मारली आहे, कात्रीचं चित्र जमलं नाही. एकावर खूण कर, कापून सोबतच्या पाकिटात घाल, तिकीट लावलेलं आहे. पत्त्यात विभागाचा आकडा नाही, नुसतं घर आहे. लवकर कळव. त्या बाई पाटीकडे बघत बसल्या असतील.

- - - - - - - - - - - - - - - -

चालतं   /   चालत नाही