उशी पालटण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय पंच्याहत्तर, धंदा नळजोडणीचा, शिक्षण चौथीपर्यंत, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. (घरात दुसरे कोणी नाही. दाराची कडी दोनदा पाहिली.) तब्येतीचा भरवसा राहिलेला नाही. लिहितो आहे ते आपल्या भाषेत. वकीलबाई म्हणाल्या, भाषा कुठलीही चालेल, साक्षीदार दोन हवेत. इथल्या भाषेत मला गिऱ्हाइकाला गळती कुठे आहे ते नीट सांगता येते. मला कुठे दुखते ते सांगता येत नाही.

१. राहते घर मुलाला. न्हाणीघराची भिंत ओली दिसली तर रंग मारून झाकू नये.

२. बँकेतली शिल्लक सुनेला. मुलाच्या हातात पैसा टिकत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

३. हत्यारांची पेटी मुलाला. वापरणार नाही, निदान तेल लावून ठेवावी. मोठा पान्हा पेटीत नाही. तो धाकट्या भावाने न विचारता नेला. मी त्याला चोर म्हणालो, त्याने येणे सोडले. त्याला बरीच वर्षे झाली. पान्हा माझा आहे, त्याने तो आणून द्यावा.

४. बायकोचे शेवटचे दिवस. बाजारात भाव पाडून आणण्याइतकी इथली भाषा तिला येत होती, ती सगळी गेली. मी औषध आणायला खाली गेलो होतो. ती मुलाला म्हणत होती, "उशी पालट रे, तापलीय." त्याला आपली भाषा जेवणापुरती आणि शिव्यांपुरती कळते. त्याने पाणी दिले. तिने पुन्हा सांगितले, त्याने पुन्हा दिले. त्याचे मन राखायला ती प्यायली. मी वर येऊन उशी पालटली. मुलाला बोल लावत नाही. इथे जन्मला, इथला झाला.

५. माझीही इथली भाषा तशीच जाणार. मग उशी कोण पालटणार, ह्या काळजीने मला झोप लागत नाही. इथल्या गावात आपली भाषा कळणारा आता धाकटा भाऊच उरला आहे. मी अंथरुणाला खिळलो की त्याने येऊन बसावे. वकीलबाई म्हणाल्या, "आजोबा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे कलम तेव्हा काय कामाचं?" साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, असेही म्हणाल्या. म्हणून धाकट्याला काहीही ठेवलेले नाही आणि साक्षीला त्यालाच बोलावले आहे. सही करण्याआधी त्याने सगळे वाचावे. कलम तीनसुद्धा.

खाडाखोड आहे ती माझ्याच हातची.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: १४ मार्च

सही: लिहिणाऱ्याची

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. मजकूर कळत नाही. मला सही करताना पाहिले.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. (सहीखाली त्याच्या अक्षरात:) सगळे वाचले. दादा, पान्हा बाबांनी मला दिला होता. उशीचे लक्षात ठेवतो.