भाऊजींच्या नावाची गाडी

३ फेब्रुवारी, सोमवार

रूपालीनं मोबाइलवर जाहिरात टाकली एकदाची. "चौऱ्याहत्तर सालची जीप पिकअप, पूर्ण नवी केलेली, विकणे आहे." सोबत सात फोटो. एकात माझ्या वाळत घातलेल्या साड्या दिसतात. म्हटलं, तो काढ. तर म्हणते, आई, लोक गाडी पाहतात!

विकायचं कारण जाहिरातीत नाही. दिवाळीआधी ह्यायच्या हृदयात दोन स्प्रिंगा टाकल्या. जड काम बंद, असं डॉक्टरनं दोनदा सांगितलं. त्या गाडीचं स्टेअरिंग फिरवणं म्हणजे रेड्याची मान पिरगाळणं! तरी पहाटे झेंडूची पोती भरून हे अमरावतीच्या बाजाराले निघतातच. गाडी अंगणात आहे तोवर माणूस ऐकणार नाही. गाडी गेली पाहिजे. बस.

५ फेब्रुवारी

चौदा फोन. अर्धे रिकामटेकडे. एक म्हणे, नवरदेव मिरवायले एक दिवस भाड्यानं द्या.

नऊ वर्षं लिंबाखाली उभी होती ही गाडी. आमचा खारपाणपट्टा, जमीन खारी, पाणी खारं — पत्र्याले बोट लावलं की गळून पडे. सीटखाली कोंबड्या अंडी घालत. मग ह्यायच्या डोक्यात काय आलं देव जाणे, दोन वर्षं तिच्यात घातली. अकोल्याच्या भंगारातून रेडिएटर, मोर्शीहून दोन दरवाजे, मागच्या हौद्याले बाभळीच्या नव्या फळ्या. रंग हिरवागार. माझ्या स्वयंपाकघराचा रंग मात्र अठरा वर्षांपासून तोच आहे.

८ फेब्रुवारी

धामणगावचं गिऱ्हाईक आलं. ह्यायनं त्याले आधी दोषच वाचून दाखवले. थंडीत लवकर सुरू होत नाही, दुसरा गिअर कुरकुरतो, उतारावर फार भरवसा धरू नका. माणूस चहा पिऊन गेला तो गेलाच. रूपाली तडतडली. हे म्हणतात, लेक अन् गाडी, दोष लपवून देऊ नये. तिनं दार आपटलं.

११ फेब्रुवारी

अकोल्याचा रोहित म्हणून एक जण आला. तिशीतला, रोपवाटिका आहे त्याची. दोष सगळे ऐकले, तरी हौद्यावरून हात फिरवत राहिला. भाव ठरला. म्हणाला, कागद दाखवा.

पेटीतून गाडीचं पुस्तक काढलं. मालकाचं नाव — पुंडलिक. म्हणजे ह्यायचे मोठे भाऊ!

आमी तिघंही पाहतच राहिलो. आमच्या घरात काही घ्यायचं तर मोठ्याच्या नावानं, ही रीत. वाटणीच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या. ट्रॅक्टर त्यायले, पिकअप आमाले. वीस वर्षं ती भाऊजींनी चालवलेली. चिठ्ठी निघाली तशी चाबी ह्यायच्या पायापाशी फेकली अन् लेकाकडे, सागरकडे, अकोल्याले निघून गेले. बारा वर्षं झाली, एक शब्द नाही. जाऊबाई गेल्या ते आमाले तेरवीनंतर कळलं. एवढं सारं झालं, पण पुस्तक उघडून पाहायचं कोणाले सुचलं नाही. धन्य आहे!

रोहित म्हणतो, बाकीचे कागद मी नवे करून घेतो, पण मालकाची सही पाहिजे. रविवारपर्यंत थांबतो. नाही तर दर्यापूरची एक गाडी त्यानं पाहून ठेवली आहे.

१२ फेब्रुवारी

हे जाणार नाहीत म्हणे. मेलो तरी नाही. तू जा.

मी कशी जाऊ? एकतीस वर्षांत भाऊजींशी मी एकदाही तोंडानं बोलले नाही. आमच्यात जेठासमोर पदर नाकापर्यंत, नजर भुईकडे. काही सांगायचं तर कोणाले तरी मधे घालायचं. मधे कोणी नसलं तर भिंतीले सांगायचं. रूपाली हसते. हस बाई. अंगणवाडीत मी पंचायत समितीच्या साहेबाले दोन शब्द सुनावते, पण जेठासमोर मुकी ती मुकीच.

जाते. गाडी गेली पाहिजे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोला. सागर ड्युटीवर. त्याची बायको गीतांजली घरी होती. भाऊजी खाटेवर बसलेले. मी दारापाशी भुईवर बसले, पदर ओढून. गीतांजलीले मधे घातलं अन् सगळं सांगितलं — ह्यायच्या हृदयाचं, रोहितचं, रविवारचं. कागद तिच्या हाती दिला.

मग भाऊजी बोलले, एकेक शब्द सुटा करून, साहेब चपराशाशी बोलतो तसे.

"शेषरावाले... पाठव म्हना. तो... आल्याशिवाय... नाई." म्हणजे ह्यायनंच यावं.

मी करून नेलेल्या करंज्या गीतांजलीनं समोर ठेवल्या. शिवलेही नाहीत. ती काही बोलायले गेली तर नुसते खाकरले, ती गप्प. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. कागद घेतला अन् उठले.

१५ फेब्रुवारी

सांगितलं ह्यायले. जसं होतं तसं. नाही — तिखटमीठ लावूनच सांगितलं. म्हटलं, तुमाले पाया पडायले बोलावून राहिले. माझ्या हातच्या करंजीले बोट लावलं नाही.

ह्यायनं फोन लावला. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी थांबवू शकत होते. थांबवलं नाही. खरं सांगते, ऐकून बरं वाटलं.

"दादा, तुमी आमच्यासाठी मेले. सही ठेवा तुमच्यापाशीच."

फोन ठेवला अन् हे बराच वेळ छाती धरून ओट्यावर बसले. गोळी दिली. तासाभरानं उतरलं.

१६ फेब्रुवारी

रोहितले नाही म्हणून कळवलं. वाईट वाटलं त्याले.

१७ फेब्रुवारी

हे म्हणतात, भंगारवाला उद्या अकराले येईल. त्याले सही लागत नाही. गॅसकटरनं तुकडे करून नेतो. मी बरं म्हटलं. आज पहाटे ह्यायनं गाडी काढली नाही, पोती ऑटोत टाकून बाजाराले गेले. मले हेच तर पाहिजे होतं. आल्यावर जेवले नाहीत. रूपाली दोघांशीही बोलत नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी गीतांजलीचा फोन. भाऊजींचा डोळा लागला तेवढ्यात चोरून बोलून राहिली होती. पोळ्यापासून लकवा आहे त्यायले. उजवा हात गेला, जीभ जड झाली. आमाले कळू द्यायचं नाही, अशी तिले अन् सागरले शपथ घातलेली. गावभराचे अर्ज लिहून देणारा माणूस, आता अंगठा लावणार. तो लावीन तर शेषरावासमोर, म्हणत होते, दुसऱ्या कोणासमोर नाही. शनिवारच्या फोनपासून पोटात अन्न नाही.

तासभर बसले मी त्यायच्यासमोर. पाय तेवढे पाहून आले.

साडेदहा झाले. हे गाडीपाशी उभे आहेत. जाते सांगायले.