जावईबापूंच्या गाडीची बॅटरी उतरल्याबाबत

सातारा,
गुरुवार, दुपारचे सव्वातीन

श्री. रा. रा. हरिबाअण्णा मोहिते, मुक्काम सांगली, यांना तुमचा व्याही आकाराम निकम याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडले की पेन सुटतं, म्हणून नमस्कार आधी उभं राहून केला आणि मग लिहायला बसलो. मनात संशय नको.) तुमचा डावा गुडघा आता काय म्हणतो? विहीणबाईंची साखर आटोक्यात आहे ना? सोबत कंदी पेढे पाठवले आहेत, ते त्यांच्या नजरेस न पडलेले बरे. जावईबापूंची तब्येत उत्तम असेलच. आणि आमची शिवांजली कशी आहे? फोनवर ‘बरी आहे’ म्हणते. पण श्रावणात ती तापानं आठ दिवस झोपून होती, हे आम्हाला कळलं ते ती उठून बँकेत जायला लागल्यावर. (ही तक्रार नव्हे. विहीणबाईंनी तिच्या उशाशी बसून दिवस काढले हेही कळलं, आणि ते ऐकून मी देवासमोर साखर ठेवली.) पण तेव्हापासून आमच्या सौ. माया दिवसातून चारदा मला विचारतात, “बरी हाय म्हणजे किती बरी, आवं?” मग मी अंगणात जातो.

आता हे सगळं फोनवर विचारता आलं असतं असं तुम्ही म्हणाल. पण अण्णा, राग मानू नका, तुमचा फोन सदा स्पीकरवर असतो. मागच्या खेपेला मी माझ्या मूळव्याधीबद्दल हळू आवाजात विचारलं, तर उत्तर तुमच्याऐवजी तुमच्या धाकट्या भावजयीनं स्वयंपाकघरातून दिलं. औषध चांगलं निघालं, पण आजचा विषय तसा चौघांत सांगण्यासारखा नाही. आमच्या शेजारचा वीरधवल कुपवाडला कारखान्यात असतो. घटस्थापनेला आला होता, उद्या सकाळी परत निघतोय. त्याला बजावलं आहे की पेढे कुणाच्याही हातात दे, पत्र मात्र अण्णांच्याच. सौ.ला या पत्राची कल्पना नाही. मी पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याचा अर्ज लिहितोय असा तिचा समज आहे.

तर विषय असा की, येत्या रविवारी तुम्ही जावईबापूंची गाडी न्यायला येणार आहात, खंडेनवमीला तिची पूजा सांगलीत तुमच्या दारात व्हायची आहे, आणि गाडी चालू होत नाही.

लिहिलं एकदाचं. कालपासून छातीवर धोंडा होता.

तुम्हाला आठवत असेल, जूनच्या पहिल्या आठवड्यात, कृष्णामाई तुमच्या पार्किंगपर्यंत यायच्या आत गाडी उंचावर न्यावी म्हणून जावईबापू आणि शिवांजली ती आमच्या अंगणात लावून गेले. दिवस अधिक महिन्याचे, म्हणजे जावई आधीच नारायणाच्या जागी. त्यांना ओवाळलं, पाठोपाठ सौ.नं गाडीलाही ओवाळलं. निघताना जावईबापूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि अगदी साधेपणानं म्हणाले, “मामा, आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे बॅटरी उतरत नाही.” मी ‘हो’ म्हणालो. त्या ‘हो’नं माझी झोप गेली. मला गाडी येत नाही असं नव्हे. मोजणी खात्यात असताना मी स्वतःची व्हॅन अकरा वर्षं चालवली, ती माझी होती म्हणून चारी बाजूंनी चेपली तरी चाललं. पण ही जावयाची गाडी! जावयाच्या ताटाला आपला पाय लागू देत नाही, तिथं त्याच्या क्लचवर कसा ठेवायचा? (पुढं कळलं की या गाडीला क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात. म्हणजे काळजी आणखी एकानं वाढली.)

पहिल्या रविवारी देवाला नमस्कार करून गाडी बाहेर काढली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. तिथं समोरून एक म्हैस आली. म्हैस गरीब होती, तिची काही चूक नाही, पण ती गाडीकडं ज्या नजरेनं बघत होती त्यावरून ती अंग घासणार असं मला वाटलं. मी तसाच मागं मागं येत अंगणात शिरलो. त्यानंतर मी वेगळी पद्धत काढली. रोज सकाळी चहाआधी गाडी जागेवर चालू करायची, दोन मिनिटं ठेवायची, हेडलाइट, वायपर, हॉर्न सगळं चालतंय ना बघायचं आणि बंद करायची. एकदा बंद केली की मनात यायचं, पुन्हा चालू होईल ना? मग खात्री करायला पुन्हा चालू करायची. काही दिवशी ही खात्री मी पाच वेळा केली. चार महिने माझ्याइतकी काळजी त्या गाडीची कुणी घेतली नसेल, कंपनीनंसुद्धा नाही.

आणि पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’. पुन्हा ‘टक्’. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात एक निवृत्त फौजी आहे, हे तुम्ही लग्नात बघितलंच. (सनईवाल्यांपेक्षा तेच सरळ रांगेत उभे होते.) सात जण धावून आले. एका सुभेदारसाहेबांनी हुकूम सोडला आणि सात पेन्शनरांनी गाडी ढकलत गोडोलीच्या चढापर्यंत नेली. गाडी हूं का चूं करेना. तेवढ्यात सयाजी फिटर आला. फौजेच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस, त्यानं आधी सगळ्यांना दम खाऊ दिला आणि मग सांगितलं, “ही बिनगिअरची हाय. हिला पार कराडपातूर ढकला, ती चालू व्हायची न्हाई.” मग तीच गाडी सात जणांनी परत ढकलत आणली. सुभेदारसाहेब चार दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

माझी रोजची पद्धत ऐकून सयाजीनं कपाळावर हात मारला. म्हणाला, “आवं दादा, चालू करताना बॅटरी जेवढी खरचती, तेवढी भरून यायला गाडी रस्त्यावर अर्धा तास तरी पळाय लागती. तुमी तिला रोज उठवताय आन झोपवताय, जेवायला कवा घालताय?” हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी गाडीकडं बघू शकलो नाही. नवी बॅटरी टाक म्हणालो, तर सौ. आडवी आली. पितृपक्षात नवी वस्तू, आणि तीही जावयाच्या गाडीत? शेवटी सयाजीनं स्वतःकडची एक जुनी बॅटरी उसनी लावली. (जुन्या वस्तूला पितरांची हरकत नसते.) बॅटरी काढली की गाडीतलं घड्याळ बारावर जातं, हे तो तार सोडताना बोलला. इथं पंचाईत झाली, कारण ते घड्याळ कसं लावतात हे मला माहीत नाही आणि जावईबापू आधी तेच बघणार. मग मी डोकं चालवलं. रेडिओ लावून बसलो आणि बरोबर दुपारी बाराच्या ठोक्याला सयाजीला तार जोडायला लावली. घड्याळ बारावरच आलं, पण रात्रीच्या. तेव्हापासून भर दुपारी तुमच्या गाडीत मध्यरात्र असते.

ही उसनी बॅटरी आठ दिवसांत पुन्हा उतरली. आता मात्र सयाजी चक्रावला. रोजची ती दोन मिनिटं मी केव्हाच बंद केली होती. त्यानं डिकीतला दिवा बघितला, यंत्र लावून तारा तपासल्या, कुठं काही सापडेना. मग उठून हात पुसत माझ्याकडं बघून म्हणाला, “दादा, गाडीत कोण ऱ्हातंय का वो?” मी नाही म्हणालो. देवाशप्पथ नाही म्हणालो. तेव्हा बॅटरी आपोआप उतरली, हवामानानं उतरली, असंच समजावं.

अण्णा, मला भीती गाडीची नाही. जावईबापू एका शब्दानं बोलणार नाहीत, तुम्ही तर नाहीच नाही. पण रविवारी तुम्ही अंगणात उभे राहाल, किल्ली फिरवाल, ‘टक्’ होईल, आणि संध्याकाळी ते शिवांजलीसमोर कुणीतरी हसत हसत सांगेल. तीही हसेल. पण आत कुठंतरी तिला वाटेल, माझ्या बापाला एक गाडी सांभाळता आली नाही. त्या पोरीला माझ्यापायी मान खाली घालायला लागू नये एवढंच. म्हणून विनंती की रविवारचं येणं तेवढं रद्द करावं. नवमीच्या आत गाडी सांगलीला पोचवायची जबाबदारी माझी.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि जावईबापूंना या पत्रातलं काहीही नको.

आपला,
आकाराम निकम

ता. क. – पेढ्यांच्या खोक्याला दोरी बांधायला घेतली आणि मन खाऊ लागलं. नवरात्रात व्याह्याला खोटं लिहू नये. सयाजीचा प्रश्न बरोबर होता. गाडीत आम्ही राहतो. म्हणजे मी आणि सौ., रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर, तासभर. शिवांजलीचा ताप कळला त्या दिवशी सौ. घरात कुठं बसायलाच तयार नव्हती, म्हणून मी तिला गाडीत बसवलं, आतला दिवा लावला, रेडिओ लावला. थोड्या वेळानं ती म्हणाली, “चला की, कराडपातूर तरी.” गाडी अंगणातच, चाक हललं नाही, पण मी ‘निघालो’ म्हणालो. तेव्हापासून रोज निघतो. ती विचारते, “उंब्रज गेलं का?” मी म्हणतो, “गेलं की.” कराडला ती डबा उघडते. पेठ नाक्याला मी डावा इंडिकेटर देतो, कारण नियम तो नियम. आष्ट्यानंतर ती केस सारखे करते. सांगलीत तुमच्या दाराशी आलो की मी हॉर्न वाजवत नाही, दिवे मंद करतो. समोर आमचीच भिंत असते आणि तिच्यावर वाळत घातलेला माझा टॉवेल. त्याकडं बघत सौ. म्हणते, “खोलीत दिवा हाय तिच्या. बरी दिसती.” मग जरा वेळानं, “चला आता, तिला सकाळी बँक हाय.” आणि आम्ही परत फिरतो. बॅटरी त्यात उतरली.

ता. क. दुसरा – मग खरोखरच का येत नाही, असं तुम्ही विचाराल. सौ.ची आई रंगुबाई, तिनं लेकीला मूल होईस्तोवर आमच्या उंबऱ्यात पाणी घेतलं नव्हतं, आणि तीच रीत आमची सौ. धरून बसली आहे. समोरच्या घरचे लेकीकडं अमेरिकेत सहा महिने जेवून आले, ते सांगितलं तर म्हणते, परदेशात रीत लागू न्हाई. मी म्हटलं, पाणी आष्ट्यात पिऊन घेऊ आणि तुमच्याकडं नुसतं बसून येऊ. तर म्हणते, बोलावल्याबिगर कसं जायचं? लग्नात तुम्ही मला मिठी मारून ‘पाव्हणं, कवाबी या, घर तुमचंच हाय’ म्हणाला होतात, ते मी विसरलो नाही. पण मी मोजणी खात्यातला माणूस, अण्णा. ‘कवाबी’ म्हणजे नेमकं कधी हे मला कळत नाही, मला तारीख लागते. रंगुबाईंनी एक वाट ठेवली आहे. विहिणीनं स्वतःच्या तोंडानं जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, तो अन्नाचा अपमान. तेव्हा विहीणबाईंनी सौ.ला एक फोन करावा. स्पीकरवर केला तरी चालेल.

ता. क. शेवटचा – सौ. आरतीला गेली आहे तेवढ्यात लिहितो. गाडी चालू होते. सयाजीनं मंगळवारीच नवी कोरी बॅटरी बसवली, घड्याळही लावून दिलं, आणि काल मी एकटा नागठाण्यापर्यंत जाऊन आलो, एक ओरखडा नाही. म्हणजे हे पत्र लिहायला बसलो तेव्हाही गाडी ठणठणीत होती. नुसतं ‘आम्ही यावं का?’ असं लिहून बघितलं होतं, पण एवढ्या एका ओळीचं पत्र व्याह्याला पाठवायला हात धजेना. पण रविवारी येऊ नका, अण्णा. तुम्ही गाडी घेऊन गेलात तर मायाला तिच्या लेकीकडं न्यायला माझ्याजवळ दुसरं काही कारण नाही.