पुराव्याविना एक वाक्य

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच कपाटावर टाकशील, अशी धास्ती वाटली, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतलाय. या पत्रात लबाडी आहे ती एवढीच. घरी सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तेही खरं नाही. आईचा गुडघा सुजलाय आणि त्याला कारण मी आहे. ते पुढे सांगतो. तुझ्या खोलीतल्या पलंगावर सध्या कागद पसरलेत. तू गेल्यापासून चौदा महिने त्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं. आई गॅलरीत जाऊन तुझ्याशी फोनवर बोलते आणि आत येते तेव्हा मी वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलेला असतो. "बरी आहे," एवढंच ती भिंतीला सांगितल्यासारखं सांगते. मी पान उलटतो.

जे घडलं ते तुला ठाऊक आहे. तरी मला ते एकदा माझ्या हाताने, क्रमाने लिहायचंय. जुन्या बाजारामागचं वीस खाटांचं प्रसूतिगृह बंद करून सगळं शहराबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं आरोग्य खात्याच्या मनात होतं. लोकांना काय वाटतं, यावर दोन पाहण्या झाल्या. एक खात्याने नेमलेल्या संस्थेची: फोनवर बाराशे लोक, शंभरातले बहात्तर बंद करायला राजी. दुसरी तुझी आणि तुझ्या पाच मैत्रिणींची: घरोघर जाऊन विचारलेल्या तीनशे चाळीस बायका, शंभरातल्या एक्याऐंशी विरोधात. दोन्ही ताडून कोणती भरवशाची, हे सांगायला तिघांची समिती बसली आणि अध्यक्ष म्हणून मला बोलावलं. तीस वर्षं वर्गात हेच शिकवलेला माणूस. यातली एक पाहणी माझ्या मुलीची आहे, मला मोकळं करा, असं मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं. खात्याच्या सचिवांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि हसत म्हणाले, "सर, मुलीचं काम आहे म्हणून तुम्ही नरम पडाल, असं इथे काहीजण बोलत होते. मी म्हटलं, सर त्यातले नव्हेत." ठकू, मला त्या वाक्याने इतकं बरं वाटलं की मी चहा संपवला आणि खुर्चीत बसून राहिलो.

मग मी दोन्ही पाहण्या चिरून पाहिल्या. संस्थेने बाराशे उत्तरं मिळवायला पाच हजार तीनशे फोन लावले होते. बाकीच्यांनी उचलला नाही किंवा ठेवून दिला. ते कोण, त्यांना काय वाटत होतं, कुणालाच माहीत नाही. बाराशेत बायका होत्या एकशे तीस. प्रसूतिगृहाबद्दल विचारायचं आणि फोन उचलणार घरातला पुरुष! तो तोल सावरायला त्यांनी एकेका बाईचं मत साडेचार बायकांचं धरलं होतं. गणितात ते बसतं. पण स्वतःचा फोन असलेल्या, कामाच्या वेळेत मोकळेपणी बोलू शकणाऱ्या त्या एकशे तीस जणी, बाजारामागच्या गल्लीतल्या बायकांच्या वतीने कशा बोलणार? आणि प्रश्न तर असा: "सर्व सोयींनी सुसज्ज मोठं रुग्णालय होत असताना जुनं, अपुरं प्रसूतिगृह बंद करायला तुमची संमती आहे का?" उत्तर पोटात घेऊन आलेला प्रश्न. पहिल्या वर्षाच्या मुलांनी असा प्रश्न लिहिला असता तर मी वही परत फेकली असती.

तुझ्या पाहणीतही भोकं होतीच. घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. दार उघडं दिसलं तिथे तुम्ही गेलात. गेलात तेही दुपारी, म्हणजे कामाला बाहेर पडणाऱ्या बायका निसटल्या. विचारणाऱ्या तुम्हीच, आणि तुम्ही कोणत्या बाजूच्या हे अख्ख्या गल्लीला माहीत. तेव्हा खरा निष्कर्ष दोन ओळींचा होता: दोन्ही पाहण्या अपुऱ्या आहेत, यांच्या आधारावर काहीही बंद करू नये, नीट तिसरी पाहणी करावी. तो मी कच्च्या कागदावर लिहिलाही होता. आणि पक्क्या अहवालात पहिली "ग्राह्य" ठरवली, दुसरी "अग्राह्य". न उचललेल्या फोनांचा आकडा तळटीपेत टाकला, बारीक अक्षरात. तुझ्या कामाखाली आणखी एक वाक्य लिहिलं. ते इथे लिहायला अजून हात धजत नाही, थोडं थांब.

अहवाल मांडला त्या दिवशी समितीपुढे तू उभी राहिलीस आणि "अध्यक्ष महोदय" म्हणालीस मला. आवाज जराही हलला नाही. "फोन न उचललेल्यांना तुम्ही कुठे मोजलंत?" असं विचारलंस. मी म्हणालो, "समितीला प्रश्न विचारण्याची ही वेळ नाही." उत्तर मला येत होतं, ठकू. तुलाही ठाऊक होतं की मला येतंय. घरी परतलो तर तुझी बॅग दाराशी होती आणि आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

प्रसूतिगृह त्यानंतर पाच आठवड्यांनी बंद झालं. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली तुला आठवते. माझ्या सदऱ्यांच्या कॉलरवरून मला बोलणी ऐकवणारी. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. एकदा कपडे आणायला गेलो तर इस्त्री बाजूला उभी करून म्हणाली, "सर, तुमच्या त्या कागदात आम्ही हो म्हटलंय म्हणतात. मला तर कुणी विचारलंच नाही. तुमची लेक तेवढी येऊन गेली." मी म्हणालो, "सगळ्यांना विचारायचं नसतं. थोड्यांना विचारून सगळ्यांचं कळतं, ते शास्त्र असतं." ती म्हणाली, "असेल बाई," आणि सदऱ्याची घडी घालू लागली. मार्चमध्ये एका सकाळी अकराच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. नवऱ्याने रुग्णवाहिका बोलावली, ती चाळीस मिनिटं आली नाही. शेवटी शेजाऱ्याच्या माल वाहायच्या गाडीत गादी टाकून निघाले. पुलावर गाड्यांची रांग लागली होती. एक वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाच्या फाटकाशी पोचले तेव्हा गादी भिजून रक्त खाली ठिबकत होतं. मूल वाचलं, मुलगी आहे. ती गेली. हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं, दुकानाच्या बंद फळीसमोर उभं राहून. माझे दोन सदरे पिशवीत घालून परत द्यायला आला होता.

मी ती पिशवी घेऊन घरी आलो आणि पहिल्यांदा तुझ्या खोलीत गेलो. तुझ्या पाहणीचे भरलेले अर्ज पलंगाखालच्या खोक्यात होते. दोनशे बारावा तिचा. शेऱ्याच्या जागी तुझं अक्षर: "लांब पडेल म्हणते. गाडी मिळेपर्यंत मूल थांबतं का, असं विचारते." तीनशे चाळीस अर्ज मी तीन दिवसांत वाचून काढले. असे शेरे पानोपानी होते. समितीत मी फक्त बेरजा पाहिल्या होत्या, शेरे एकदाही उघडले नव्हते.

मग जे चौदा महिन्यांपूर्वी व्हायला हवं होतं ते आम्ही केलं. आम्ही म्हणजे मी आणि आई. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून दोनशे घरं काढली. प्रश्न साधा ठेवला: प्रसूतिगृह इथेच असावं, तिकडे असावं, की दोन्ही चालेल? बायका माझ्याशी बोलेनात, म्हणून विचारायचं काम आईने केलं; मी बाहेर पायरीवर बसून लिहीत होतो. कुलूप असलेल्या घरी तीनतीनदा गेलो, सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी. त्या जिन्यांनीच तिचा गुडघा गेला. "तुमच्या शास्त्राला लिफ्ट नाही का हो?" असं ती चौथ्या मजल्यावर बसून म्हणाली. एकशे त्रेसष्ट जणी भेटल्या. त्यातल्या एकशे चार म्हणाल्या, इथेच हवं. म्हणजे शंभरातल्या चौसष्ट. तुझे एक्याऐंशी फुगलेलेच होते, हे मी सांगणारच. नाहीतर माझं बाकीचं म्हणणंही तू खरं मानू नकोस. पण दिशा तुझी बरोबर होती आणि माझी चूक. चुकून चूक असती तर आज झोप लागली असती.

आता ते वाक्य. "सदर पाहणी करणाऱ्यांनी महिलांमध्ये नव्या रुग्णालयाविषयी भीती पसरवली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." माझ्याजवळ त्याला कसलाही पुरावा नव्हता. एकाही अर्जात, एकाही साक्षीत तसं काही नव्हतं. तू विरोधी बाजूला होतीस याचा राग होता, आणि मी नरम पडलो नाही हे सचिवांना दिसायला हवं होतं. या वेळी आम्ही मुद्दाम विचारलं. एकशे त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस जणींकडे तुमच्यापैकी कुणीतरी गेलं होतं. तिकडे जाऊ नका असं सांगितल्याचं एकीनेही म्हटलं नाही. इस्त्रीवालीची सासू तर म्हणाली, "ती पोर उलट नव्या दवाखान्याचा नंबर दाराच्या मागे लिहून गेली." नंबर अजून तिथे आहे, खडूने लिहिलेला. मी पाहिला. त्याच नंबरावर नवऱ्याने अकरा वाजता रुग्णवाहिकेसाठी फोन लावला होता.

तुला नोटीस आल्याचं आईने परवा सांगितलं. इस्त्रीवाली निघायला कचरली, उशीर तिच्याकडून झाला आणि तिला घाबरवलं तुझ्या पाहणीने, असं खातं म्हणतंय, आणि आधार म्हणून माझं ते वाक्य, माझ्या सहीसकट जोडलंय. सोमवारी चौकशी आहे. मी साक्ष द्यायला जाणार आहे. पण ठकू, मी स्वतःला ओळखतो. समोर चांगले कपडे घातलेली चार माणसं असली, एकाने "सर" म्हणून खुर्ची पुढे ओढली, की माझी जीभ मवाळ होते. शक्यता, मर्यादा, संदर्भ असे शब्द तोंडात येतात आणि सरळ वाक्य आतच राहतं. एकदा तसं झालंय, पुन्हा होणार नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. म्हणून हे पत्र. प्रत्येक पानावर तारीख घालून सही केली आहे, कच्चा अहवाल आणि नव्या पाहणीचे एकशे त्रेसष्ट कागद सोबतच्या गठ्ठ्यात आहेत. सोमवारी मी कचरलो तर एक क्षण थांबू नकोस. हे तुझ्या वकिलांना दे आणि माझ्यादेखत वाचायला सांग.

तुझाच,
बाबा