परदेशी गाडीवर पटाची झूल

जाम, रविवार, जानेवारी १९८४

शर्यतीसाठी विलायतेतून मागवलेली गाडी आज ट्रकमधून उतरली. परवान्यासाठी दोन वर्षं हेलपाटे घातले, आणि बाबा म्हणतात, "आज पळवू नको. समुद्रावरून आली, थकली असन." शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळणारे बैल त्यांनी जन्मभर असेच जपले. लांबून आणलेला बैल पहिल्या दिवशी जुंपायचा नाही.

चिडलो. "बाबा, यंत्र आहे हे!" ऐकतील तर ना. इतके दिवस गाडीचं नावही न काढणारे बाबा बॉनेटवरून हात फिरवून राह्यले होते. मग पट जिंकलेल्या बैलाची जुनी झूल आणून त्यांनी गाडीवर टाकली. निम्म्यालाच पुरली.

इंजिनाचा आवाज अजून ऐकला नाही. तरी खिडकीतून ती अर्धी झूल पाहत निवांत बसलोय. चिडलो काऊन, तेच आता कळेना.

जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "गाडीच्या पटाले मले नेशीन ना?"