तक्रारीतला चौथा परिच्छेद

६ जानेवारी २०१३, रविवार

आधी एक दुरुस्ती. दिवाळीनंतर इथेच लिहिलं होतं की सर्वेवाला आमच्या दारी आलाच नाही, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं, पिंकीचं नाव अपंगांच्या यादीत नाही. चूक. तो आला होता. मीच त्याला चहा दिला होता.

काल पंचायतीत पुन्हा गेले. पिंकीचा अपंगत्वाचा दाखला जोडून आधीच दोन अर्ज दिलेत. एक घरकुलासाठी, एक घरी येऊन शिकवणाऱ्या फिरत्या शिक्षकासाठी. एकाचीही पोच नाही. ग्रामसेवक हसले. "मी आलोच नाही म्हणता? तुमच्या हातचा चहा पिऊन गेलो न बाई. पाहुण्यांले पोहे, मले नुसता चहा." बाकावरचे लोकही हसले.

मग आठवलं. गेल्या मार्चमध्ये पाहुणे मला पाहायला आले तो दिवस. अंगणात बाजेवर माणसं बसलेली, एक जण काखेत पिशवी धरून उभा. तो मुलाकडचाच असेल असं वाटलं. मान खाली घालून ट्रे पुढे केला.

ग्रामसेवक पुढे म्हणाले, "घरात अपंग कोणी नाही, हे तुमच्याच घरून सांगितलं. कोणी, ते घरी विचारा."

विचारलं नाही अजून.

८ जानेवारी

मायला विचारलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"त्या दिवशी पाहुणे होते न. कोण काय बोललं, मले का ठाऊक?"

"माय, पिंकीबद्दल कोणी विचारलं होतं का?"

"तू कायले उकरून राहिली आता? वसंतपंचमीले साक्षगंध हाय तुहं."

मार्चमध्येच होकार आला होता. मग त्यांच्याकडे आजोबा वारले, म्हणून साक्षगंध लांबलं. तोवर सगळं ठीक राहावं एवढंच मायला हवं आहे. मला काय हवं आहे ते नीट सांगता येत नाही. भिंत हवी आहे. दीड वर्षापूर्वीच्या पावसाळ्यात मागची मातीची भिंत खचली, ती पिंकी झोपते त्या बाजूची. दोन बल्ल्यांचा टेकू आहे. बाबूजी म्हणतात, उन्हाळ्यात पाहू. गेल्या उन्हाळ्यातही

असो.

११ जानेवारी, शुक्रवार

गोंदिया. तहसीलसमोरच्या टंकलेखकाला लोकायुक्तांकडे पाठवायच्या तक्रारीचा मसुदा दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून वाचला. "मॅडम, शिकायत है कि पूरा खानदान? एक पेज में लिखो. मकान नहीं मिला, टीचर नहीं आया. बस."

मग चौथ्या परिच्छेदावर बोट. तिथे मी लिहिलं आहे: 'सर्वेक्षण करणारे आमच्या घरी आले नाहीत व आमच्याकडे चौकशी केली नाही.' त्याने विचारलं, "ये पक्का है? साथ में शपथपत्र लगेगा. झूठ निकला तो उल्टा आप फँसोगे."

मी मसुदा परत घेतला. उद्या येते म्हणाले. उद्या जाणार नाही हे तेव्हाच माहीत होतं. म्हणजे मी तेही खोटंच बोलले.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला. बाबूजी राईस मिलमधून लवकर आले होते, म्हणून विचारलं. सरळच.

बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "मीच सांगितलं. मग?"

"काऊन?"

"काऊन म्हणजे? पाहुणे घास घेऊन राहिले, अन् तो मधात उभा राहून वरडते, घरात अपंग कोणी? चारचौघांत विचारते का कोणी असं? अन् पिंकी त्या दिवशी मुर्रीले होती, मावशीकडे. घरात नव्हतीच न. मी खोटं काय बोललो?"

तेच पुढे म्हणाले, "तुह्याच साठी बोललो. समजलं?"

समजलं. हेच तर सहन होत नाही.

सुपात राख पसरून, माझं बोट धरून याच माणसाने मला अक्षरं शिकवली. शाळेत गेले तेव्हा मला बाराखडी येत होती. आता मी पिंकीला तशीच शिकवते. ती ब आणि क काढते, पण हात थरथरतो आणि अक्षर मोडतं. ते कसं सुधारायचं मला माहीत नाही. त्याचं शिक्षण घेतलेलं माणूस लागतं. अकरा वर्षांची झाली ती. फिरत्या शिक्षकाची सोय चौदापर्यंतच आहे.

१७ जानेवारी

आज घर सारवायला काढलं. पिंकी भिंतीला धरून सरकत आली. तिचं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही, मला कळतं. म्हणाली, "मुर्री?"

"नाही ग. नुसतं सारवून राहिलो."

तिचा विश्वास बसला नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर फ्रॉक आणि पाटी पिशवीत भरून दाराशी बसली होती. घर सारवलं की पाहुणे येतात, पाहुणे आले की आपण मुर्रीला जायचं, हे तिने आपलं आपणच ओळखलं आहे. हे तिला कोणी शिकवलं नाही. किंवा आम्ही सगळ्यांनी शिकवलं.

पिशवी रिकामी केली. मायने पाहिलं आणि पुन्हा सारवायला लागली.

१८ जानेवारी

त्यांचा फोन. (मुलाचा.) चांगलं बोलतात, घाई करत नाहीत. "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, माय, बाबूजी, आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. खरंच गेलं. पण गेलं नसतं तर पुढचं नाव घेतलं असतं का, हे मी इथेही लिहू शकत नाही.

२१ जानेवारी, सोमवार

शाळेच्या हेडसरांकडे गेले. वाईट नाहीत ते. "नाव यादीत नसलं तर फिरते शिक्षक कोणत्या हिशोबाने पाठवू? पुढच्या सर्वेत घ्या."

"पुढचा सर्वे कधी?"

"वरून आला की."

तिथून पंचायतीत. ग्रामसेवक आज हसले नाहीत. म्हणाले, एकच रस्ता आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बाबूजींनी उभं राहून सांगावं की घरात अपंग मुलगी आहे, आधी चुकीचं सांगितलं गेलं. ठराव करू, घरकुल आणि शिक्षक दोन्हीकडे नाव जाईल.

मी विचारलं, दाखला जोडून दोन अर्ज दिले, त्यांचं काय झालं? सगळं त्यात लिहिलं होतं.

"बापानं नाही म्हटलं अन् पोरगी हो म्हणते. आमी कोणाचं धरावं?"

कोणाचं धरावं ते पाहायला यायला हवं होतं. घर पंचायतीतून दिसतं. हे तिथे सुचलं नाही, आत्ता सुचतं आहे.

२३ जानेवारी

बाबूजींना सांगितलं. त्यांनी जेवण संपवलं. उठताना म्हणाले, "बोलतो मी. सांगतो."

मायने तोंडाला पदर लावला. तिच्या डोक्यात मुलाचे मामा. ते आमच्याच गावचे, सभा चुकवत नाहीत.

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, मग सभा. बायका मागे. बाबूजी इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत. मामा पुढे खुर्चीवर.

नालीचं झालं, हातपंपाचं झालं. मग ग्रामसेवक म्हणाले, "कोणाले काही सांगायचं हाय का?" आणि सरळ बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी उठले. उभे राहिले. मामांनी मागे वळून हसून म्हटलं, "काय हो सोयरे, बोला बोला."

बाबूजी म्हणाले, "नळाले पाणी येत नाही आमच्या गल्लीत."

बसले.

पाणी रोज येतं.

घरी येऊन सदरा खुंटीला लावला आणि धानाच्या बांधीवर निघून गेले. तिथे आता काहीच काम नाही. मला राग यायला हवा होता. पण ते उभे असताना त्यांचे पाय दिसत होते मागून, चप्पल काढलेली, एक पाय दुसऱ्या पायावर घासत होते

२९ जानेवारी

चौथा परिच्छेद नव्याने लिहिला. आधी लिहिलं, 'गैरसमजातून नाव राहिले.' खोडलं. गैरसमज कोणाचाच नव्हता. मग लिहिलं, 'कुटुंबाकडून माहिती मिळाली नाही.' तेही खोडलं. कुटुंब म्हणजे कोण?

शेवटी हे ठेवलं: 'सर्वेक्षणाच्या दिवशी माझ्या लग्नासाठी पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर विचारल्यामुळे माझ्या वडिलांनी घरात अपंग व्यक्ती नाही असे सांगितले. हे खरे नव्हते. त्यानंतर दाखल्यासह दिलेल्या दोन अर्जांवर पंचायतीने काहीही केले नाही व घरी येऊन पाहिले नाही. हेही खरे आहे.'

टंकलेखक म्हणेल, पुन्हा खानदान. म्हणू दे.

चौकशी लागली की हे कागद याच पंचायतीत परत येतील. बाकावर बसून वाचले जातील.

३१ जानेवारी, गुरुवार

मायला वाचून दाखवलं. म्हणाली, "वसंतपंचमी होऊ दे. मग कर काय करायचं ते. एवढं तरी आईक."

मी हिशोब मांडला. साक्षगंधानंतर दिलं तर त्यांना फसवल्यासारखं. आधी दिलं तर मोडेल, बाबूजींचं नाव गावभर होईल. लग्नानंतर दिलं तर तेव्हा मी या घरची नसणार, मग पिंकीसाठी कोण जाणार? प्रत्येक बाजूने कोणीतरी चिरडतंच. उन्हाळा गेला की पुन्हा पाऊस, आणि भिंत.

मायला म्हटलं, नाही थांबत.

तिने विचारलं, "अन् पाहुण्यांले कोण सांगन?"

मी कागदाची घडी घातली.

बाबूजी ओट्यावर होते, त्यांनी सगळं ऐकलं. आत आले नाहीत.

२ फेब्रुवारी, शनिवार

मुलाला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावायला धीर झाला नाही. रविवारी लावेन. नाही लागला तरी पुढचं बदलत नाही.

बाबूजींना सांगितलं, सोमवारी गोंदियाला सोबत चला. त्यांनी विचारलं, बस किती वाजता. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

शपथपत्र करायला पिंकीलाही नेणार. तिच्याबद्दल लिहिलं आहे, तिला न दाखवता कसं देऊ? पाठीवर घेऊन चौकातून जाणार, दिवसा, लोक बसलेले असताना. आजवर ती त्या चौकातून कधी गेलेली नाही. मुर्रीलासुद्धा आम्ही तिला मागच्या शेतांच्या धुऱ्याने नेतो.

सोमवार, ४ फेब्रुवारी २०१३. सकाळच्या बसने.